भुकेला पाणिनी

पाणिनी भुकेला होता, ब्रह्मगुप्त पेंगत होता आणि रामन चिडचिडा झाला होता. तिघेही मेलेले. हे मी म्हणत नाही, माझ्या घरच्या कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर तसे लिहून आले होते. 'हंग्री_पाणिनी', 'स्लीपी_ब्रह्मगुप्त', 'क्रँकी_रामन', आणि प्रत्येकापुढे 'एक्झिटेड, पाच महिन्यांपूर्वी'. खाली सरकत जावे तर यादी संपायलाच तयार नाही.

मंडळी, इथे नेहमी जत्रा, कालो, दिंड्या असले विषय असतात, तेव्हा आज हे काय नवीन, असे वाटेल. पण थोडा धीर धरा, विषय शेवटी आपल्याच अंगणात येणार आहे.

डॉकर नावाचा एक प्रकार आहे. २०१३ च्या मार्चमध्ये सॉलोमन हाइक्स या गृहस्थाने अमेरिकेत पायथॉन भाषेवाल्यांच्या एका परिषदेत तो पहिल्यांदा लोकांना दाखवला, आणि नंतर जगभरचे सॉफ्टवेअरवाले त्याच्या मागे लागले. त्याचे चिन्ह म्हणजे पाठीवर पेट्या रचलेला देवमासा. पेट्या म्हणजे बोटीवरचे कंटेनर. आपल्याकडे दर चार घरांमागे एक तारवटी, त्यामुळे कंटेनर म्हणजे काय हे गोंयकाराला शिकवायला नको. आत काय आहे याच्याशी बोटीला किंवा क्रेनला कर्तव्य नाही, पेटीचे माप ठरलेले असले की झाले. तसेच इथे. एखादा प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सगळे सामानसुमान एका पेटीत भरायचे, की ती पेटी कुठल्याही कॉम्प्युटरवर तशीच्या तशी चालते.

यात दोन शब्द समजून घ्यावे लागतात. इमेज आणि कंटेनर. मला ते चवथीच्या हिशेबाने समजले. इमेज म्हणजे साचा, कंटेनर म्हणजे त्या साच्यातून काढलेली मूर्ती. एका साच्यातून शंभर मूर्ती काढा, साच्याला काही होत नाही. प्रत्येक मूर्तीवर नंतर जे रंगकाम होईल ते तिचे एकटीचे. कंटेनरमध्ये चालताना प्रोग्रॅम जे काही लिहितो, ते साच्यात जात नाही, त्या एका कंटेनरच्या वरच्या पातळ थरात जाते. काम संपले की कंटेनर थांबतो, पण नाहीसा होत नाही. त्याचा तो थर तसाच डिस्कवर पडून राहतो. कोणीतरी मुद्दाम काढेपर्यंत.

आणि नावे? तुम्ही नाव दिले नाही तर डॉकर स्वतःच बारसे करतो. एक विशेषण, एक आडनाव. आडनावांच्या यादीत जगातले शास्त्रज्ञ, गणिती आणि संगणकवाले आहेत, त्यात आपले आर्यभट, भास्कर, वराहमिहीर, विश्वेश्वरय्या आणि रामानुजनही आहेत. पाणिनीला तिथे पाहून मला, आयुष्यात एकदाच संस्कृतचा पेपर दिलेल्या माणसाला, उगीचच बरे वाटले. एक जोडी मात्र मुद्दाम वर्ज्य केली आहे, 'बोरिंग_वोझ्नियाक'. ती जुळून आली तर प्रोग्रॅम पुन्हा दुसरे नाव काढतो, आणि शेजारी टीप लिहिली आहे की स्टीव्ह वोझ्नियाक कंटाळवाणा नाही. भुकेल्या पाणिनीची अशी कड कोणी घेतलेली नाही. असो.

आता माझ्यासारख्या कारकुनाच्या घरी हा देवमासा आला कसा? आमच्या वाड्यावरच्या देवळात दरवर्षी भजनी सप्ताह होतो. कुठला पार कोणाचा, कुठली पदे कुठल्या प्रहराला म्हणायची, हे सगळे जुन्या वह्यांत लिहिलेले आहे. वह्या तीन, शिवाय मंडळाने वेळोवेळी छापलेल्या काही पुस्तिका. कागद असा की पान उलटताना श्वास रोखावा लागतो. गावात हे सगळे वाचू शकणारा आणि वाचलेले गाऊ शकणारा माणूस एकच उरला होता, आमचे निवृत्त गुरुजी. तेव्हा त्यांचे वय ८४. ते म्हणाले, "तू टाइप कर, मी तपासतो." माझा भाचा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो चवथीला घरी आला होता, त्याने दोन दिवसांत सगळी मांडणी करून दिली.

छापील पुस्तिकांसाठी त्याने टेसरॅक्ट लावला. हा चित्रातली अक्षरे वाचून मजकूर करून देणारा फुकट प्रोग्रॅम, मराठीही वाचतो. छापील पाने त्याने बऱ्यापैकी वाचली. वह्यांच्या हस्ताक्षरापुढे मात्र तो शरण आला, एका अभंगाच्या चार ओळींचे त्याने जे केले ते इथे देण्यासारखे नाही. म्हणून वह्यांसाठी भाच्याने दुसरा छोटा प्रोग्रॅम लिहिला: डावीकडे वहीचे पान, उजवीकडे मी टाइप केलेला मजकूर, मोठ्या अक्षरात, आणि खाली गुरुजींना काही लिहायचे असेल तर टिपांचा चौकोन. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की गुरुजी यायचे, चहा घ्यायचे आणि एका बोटाने टाइप करत बसायचे. हे दोन महिने चालले. गेल्या श्रावणात गुरुजी गेले.

त्यानंतर तो कॉम्प्युटर मी फारसा उघडलाच नाही. उघडला तेव्हा डिस्क भरल्याचा निरोप समोर. भाच्याला फोन केला. त्याने दुरूनच कारण सांगितले: पुस्तिका वाचताना त्याची योजना अशी होती की दर पानाला एक नवा कंटेनर सुरू व्हायचा, पान वाचायचा आणि थांबायचा. सुरू करतानाच 'हायफन हायफन आरएम' असे जोडले असते तर थांबल्याबरोबर कंटेनर आपोआप निघून गेला असता. ते जोडलेले नव्हते. पाने २१२, म्हणून थांबलेले कंटेनर २१२. आणि प्रत्येकाच्या थरात त्या पानाची मोठी रंगीत प्रतिमा. ए-फोर आकाराचे पान ३०० डीपीआयने उघडले तर एकेक प्रतिमा सव्वीस एमबीच्या आसपास जाते. गुणाकार करा, साडेपाच जीबी झाले. एरवी थांबलेले कंटेनर एवढी जागा खात नाहीत, खरी खादाड असतात ती इमेज आणि जुन्या बांधणीचे अवशेष. पण आमचा संसार वेगळा.

"मामा, सगळें उडय मरे," भाचा म्हणाला. "प्रून कर. एक ओळ."

प्रून म्हणजे छाटणी. 'डॉकर कंटेनर प्रून' ही आज्ञा डॉकरमध्ये आली २०१७ च्या जानेवारीत, १.१३ या आवृत्तीबरोबर. ती विचारते, थांबलेले सगळे कंटेनर काढू का, हो की नाही. तुम्ही 'वाय' दाबले की सगळे साफ. कोणकोणते जाणार हे आधी सांगत नाही. गेल्यावर त्यांचे क्रमांक छापते आणि किती जागा सुटली ते सांगते. म्हणजे आधी अंत्यविधी, मग मृतांची यादी.

इथे माझ्यातला कारकून जागा झाला. आमच्याकडे रेकॉर्ड रूममधल्या जुन्या फायली काढून टाकायच्या असतात तेव्हा त्याची एक रीत असते. कायम ठेवायच्या कुठल्या, ठराविक मुदतीच्या कुठल्या, हे वर्ग आधीच पडलेले असतात. मुदत संपली तरी फाइल थेट रद्दीत जात नाही. यादी होते, कोणीतरी ती उघडून पाहतो, सही करतो. लोक या प्रकाराला सरकारी दिरंगाई म्हणतात, आणि पुष्कळदा ती असतेच. पण गोव्याच्या दफ्तराची जबाबदारी १५९५ साली दियोगु द कोतु याच्याकडे सोपवली गेली, आणि त्याच दफ्तरात आयुष्य घालवून विसाव्या शतकात पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास उभा केला, तो कोणीतरी मधल्या काळात 'प्रून' केले नाही म्हणूनच. भाच्याला मी एवढेच म्हटले, "आधी यादी पाहतो." तो म्हणाला, "पळय."

तर यादी. 'डॉकर पीएस' म्हटले की फक्त चालू असलेले कंटेनर दिसतात. पुढे 'हायफन ए' लावला की थांबलेलेही. 'हायफन एस' लावला की प्रत्येकाने किती जागा धरली आहे तेही. आणि 'हायफन क्यू' लावला तर नाव-गाव काही नाही, नुसते बारा अक्षरांचे क्रमांक, एका ओळीत एक. मूळ क्रमांक चौसष्ट अक्षरांचा असतो, दाखवतात बारा, आणि पहिली तीन-चार दिली तरी चालतात, दुसऱ्या कोणाशी जुळत नसली म्हणजे झाले.

हा 'क्यू' माणसासाठी नाहीच, तो दुसऱ्या आज्ञेसाठी आहे. 'डॉकर आरएम' ही कंटेनर काढण्याची आज्ञा. तिच्यापुढे एक नाव दिले तर एक काढते, दहा दिली तर दहा. दोनशे नावे कोण टाइप करणार? म्हणून कंसात दुसरी आज्ञा लिहायची, कंसाआधी डॉलरचे चिन्ह: 'डॉकर आरएम $(डॉकर पीएस -एक्यू)'. शेल आधी कंसातले काम करून घेतो, त्याने छापलेले क्रमांक त्या जागी बसवतो आणि मग सगळी ओळ चालवतो. ही युक्ती डॉकरची नाही, युनिक्सची आहे, १९७९ च्या बोर्न शेलपासूनची. तेव्हा उलट्या अवतरणचिन्हांत लिहीत. आधी पत्त्यांची यादी, मग त्याच यादीवर लिफाफे, हे आमच्या इनवर्ड-आउटवर्डवाल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

यादी रिकामी असली तर 'आरएम' कुरकुरते, निदान एक तरी नाव द्या म्हणते. आणि चालू कंटेनर तिला दिला तर काढत नाही, आधी थांबवा म्हणते. त्यावर लोक 'हायफन एफ' लावतात. एफ म्हणजे फोर्स. मला हे अक्षर आवडत नाही. 'डॉकर स्टॉप' म्हटले तर कंटेनरातल्या प्रोग्रॅमला आधी निरोप जातो की आवरा आता, मग साधारण दहा सेकंद वाट पाहिली जाते, आणि तरीही तो उठला नाही तरच सक्ती होते. 'एफ'मध्ये निरोप नाही. एखादा डेटाबेस अर्धे वाक्य लिहीत असला तरी तिथेच मान खाली. जेवत्या माणसाच्या पुढचे पान ओढून घेऊ नये, निदान 'होऊ दे सावकाश' एवढे तरी म्हणावे.

यादीत प्रत्येकापुढे एक आकडाही असतो. शून्य म्हणजे काम संपवून शांतपणे गेला. १४३ म्हणजे निरोप मिळाला आणि उठला. १३७ म्हणजे सक्तीने उठवला (१२८ अधिक संदेशाचा क्रमांक नऊ). माझ्या यादीत शून्याची रांगच रांग होती, सगळे टेसरॅक्टच्या इमेजमधले, सगळे साधारण एकाच मापाचे. आणि मधेच एक वेगळा. इमेज वेगळी, जागा अगदी थोडी, आकडा १३७. नाव होते 'टेंडर' काहीतरी, टेंडर म्हणजे इथे निविदा नव्हे, कोवळा.

'डॉकर डिफ' म्हणून एक आज्ञा आहे. साच्याच्या तुलनेत या कंटेनरात काय बदलले ते ती सांगते: नवीन आलेल्या फाइलीपुढे 'ए', बदललेल्यापुढे 'सी', पुसलेल्यापुढे 'डी'. थांबलेल्या कंटेनरवरही चालते. तिने नवीन फाइली दाखवल्या, त्यातल्या एकीचे नाव 'टिपा'.

भाच्याला पुन्हा फोन. तो जरा गप्प राहिला, मग उलगडा झाला. पहिली वही तपासून झाल्यावर त्याने तो छोटा प्रोग्रॅम सुधारला होता, जुना कंटेनर थांबवून नवा सुरू केला होता. पहिल्या वहीचा मजकूर त्याने बाहेर काढून ठेवला होता, तो माझ्याकडे आहेच. पण टिपांचा चौकोन नव्या प्रोग्रॅममधून त्याने काढून टाकला होता, कोणी वापरत नसेल असे समजून, आणि मजकुराबरोबर टिपा बाहेर आल्याच नव्हत्या. त्या जगात एकाच ठिकाणी होत्या, त्या थांबलेल्या कंटेनरच्या थरात. एक 'वाय' दाबायचा अवकाश होता.

काढून घेणे सोपे निघाले. 'डॉकर सीपी' ही आज्ञा मेलेल्या कंटेनरातूनही फाइल बाहेर आणते, त्याला जिवंत करावे लागत नाही. मी फाइल आणली, एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक भाच्याला ईमेलने. कंटेनरचे नाव बदलून 'गुरुजी' ठेवले. नाव बदलल्याने प्रूनपासून संरक्षण मिळत नाही हे लक्षात घ्या, प्रून नाव बघत नाही. ते लेबल बघू शकते, अमुक लेबल असलेले सोडून बाकीचे काढ असे सांगता येते, पण लेबल कंटेनर जन्मताना लावावे लागते, नंतर चिकटवता येत नाही. शिवाय ठराविक तासांआधीचेच काढ, अशी सोय प्रूनमध्ये आहे, पण तिथे वय मोजतात ते जन्मापासून, थांबल्यापासून नव्हे. सहा महिन्यांपूर्वी सुरू केलेला आणि आज सकाळी थांबलेला कंटेनर त्या हिशेबाने म्हाताराच.

मग बाकीच्यांकडे वळलो. सगळे थांबलेले नकोत, फक्त टेसरॅक्टच्या साच्यातले हवेत, तर यादीलाच चाळण लावायची: 'अँसेस्टर' म्हणजे पूर्वज अमुक इमेज, आणि 'स्टेटस' एक्झिटेड. नावाने चाळण लावायचा मोह होतो, पण ती अर्धवट जुळणारी नावेही धरते. 'वही' शोधाल तर 'वहीजुनी'ही सापडेल. आधी चाळणी लावलेली नुसती यादी छापली. मोजली. २१२. पानांशी आकडा जुळला, तेव्हा तीच चाळण कंसात घालून 'आरएम'पुढे ठेवली.

युनिक्सच्या जुन्या आज्ञा काम फत्ते झाले की काही बोलत नाहीत. डॉकर मात्र काढलेल्या प्रत्येकाचा क्रमांक परत छापतो. दोनशेबारा ओळी पडद्यावरून वर सरकत गेल्या. नावे नाहीत, नुसते क्रमांक, कारण मी क्रमांकच दिले होते. पाणिनी कुठल्या ओळीत गेला ते कळले नाही. साचा जागेवर आहे, उद्या पुन्हा पुस्तिका वाचायची झाली तर नवी मूर्ती निघेल, बारसे मात्र वेगळे होईल.

भाच्याने फोनवर एक जुनी सवय सांगितली, की 'सिस्टिम प्रून' आणि त्याला व्हॉल्यूमचे शेपूट लावले की घर एकदम लख्ख. व्हॉल्यूम म्हणजे कंटेनरबाहेर ठेवलेली कोठी. कंटेनर काढला तरी ती राहते, 'आरएम'ला 'हायफन व्ही' लावला तर फक्त बिननावाच्या कोठ्या जातात. २०२३ मध्ये आलेल्या २३ व्या आवृत्तीपासून प्रूनसुद्धा नाव दिलेल्या कोठ्यांना आपणहून हात लावत नाही. त्याआधी कुठल्याही कंटेनरला न जोडलेली कोठी, नाव असो वा नसो, त्या शेपटाबरोबर जायची. आणि 'कंपोझ डाउन'ला 'व्ही' लावला तर त्या मांडणीच्या नावाच्या कोठ्याही जातात, अजूनही. एकच अक्षर, दोन ठिकाणी दोन अर्थ. आमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वहीचा मजकूर अशा नाव दिलेल्या कोठीत आहे. ते शेपूट मी लावले नाही.

आता टिपा. एकूण ११७ निघाल्या. बऱ्याचशा एका ओळीच्या. 'वहीत "म्हणे" आहे, म्हणताना "म्हणती" म्हणायचे.' 'ही चाल पेडण्याकडून आली, आमच्याकडे तिसरे कडवे दोनदा घेत.' 'हे पद पहाटेच्या पारात होते, आता म्हणत नाहीत.' एका ठिकाणी नुसतेच 'चष्मा बदलला पाहिजे', तेही जपून ठेवले आहे. आणि पान ४१ वर ही: 'इथून पुढे अक्षर बदलते. हे माझ्या आईचे. बाबांचा हात दुखायचा म्हणून रात्री ती उतरवून काढी. देवळात कोणाला ठाऊक नव्हते.'

वही परत काढून पाहिली. खरेच, ४१ पासून 'ळ' वेगळा आहे, काना सरळ आहे, शाई फिकी. टाइप करताना मला ते जाणवले नव्हते असे नाही, पण शाई बदलली असेल म्हणून पुढे गेलो होतो. शेवटपर्यंत, म्हणजे पान १०३ पर्यंत, तेच अक्षर. अर्ध्याहून जास्त वही.

पुढच्या सप्ताहाआधी मंडळ वह्यांचे पुस्तक छापणार आहे. पहिल्या पानावर लेखनिक म्हणून गुरुजींच्या वडिलांचे नाव जायचे ठरले होते. मी गुरुजींच्या मुलाला घरी बोलावले आणि ती टीप वाचायला दिली. तो पन्नाशीचा, आजीच्या मांडीवर वाढलेला. त्याने ती दोनदा वाचली आणि मान वर करून मला विचारले, "आजी बरयताली?"

मी वहीचे ४१ वे पान त्याच्यापुढे सरकवले.